अद्भुतरम्य दूरचित्रवाणी मालिका : माध्यमभाषा व प्रतिरूपण

जादू, ड्रॅगन, अमानवी वंश किंवा सर्वस्वी कल्पित भूगोल यांवर उभारलेल्या कथामालिकेत चित्रचौकट, प्रकाश, वेशभूषा, ध्वनी, संकलन व संवाद यांतून अर्थ कसा घडतो, हा माध्यमभाषेचा प्रश्न. त्या अर्थातून स्त्री-पुरुष, वंश, वर्ग, अपंगत्व यांच्या कोणत्या प्रतिमा उभ्या राहतात, हा प्रतिरूपणाचा. ब्रिटनमधील शालेय माध्यम-अध्ययनात माध्यमभाषा, प्रतिरूपण, माध्यमउद्योग आणि प्रेक्षक अशी चौपदरी चौकट रूढ आहे. प्रस्तुत नोंद तिच्या पहिल्या दोन अंगांपुरती आहे.

संज्ञांविषयी एकमत नाही. ‘अद्भुतरम्य’ हे विशेषण मराठी समीक्षेत मुक्तामाला (१८६१) सारख्या आरंभीच्या कादंबऱ्यांना लावले गेले. तेथे त्याचा रोख जादूपेक्षा योगायोग, संकटे आणि सुटका यांवर होता. ‘फँटसी’साठी ‘अद्भुतिका’ व ‘कल्पनारम्य’ हे शब्दही वापरले जातात, पण दुसरा फारच सैल आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात (रचनाकाळ साधारणतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० यांदरम्यान मानतात, काही अभ्यासक तो आणखी पुढे आणतात) अद्भुत हा आठ रसांपैकी एक असून विस्मय हा त्याचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी टिकून राहणारा भाव, होय. तेथे अद्भुताची उत्पत्ती वीररसापासून सांगितली आहे. पराक्रमकथेला जोडूनच चमत्कार येणाऱ्या आजच्या मालिकांना हे वर्गीकरण अनपेक्षितपणे चपखल बसते. साहित्यसिद्धांतकार त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये केलेली व्याख्या मात्र वेगळी आहे. घडले ते नैसर्गिक की अलौकिक, या संभ्रमात वाचक अडकलेला असेतोवरच त्यांच्या मते ‘फँटॅस्टिक’ टिकते. अलौकिक एकदा मान्य झाले की कथा निव्वळ चमत्काराच्या प्रांतात जाते. ही कसोटी काटेकोरपणे लावल्यास ड्रॅगन असलेली बहुतेक मालिका या प्रकारातून बाद होईल. त्यामुळे दूरचित्रवाणीच्या संदर्भात भरताचा व्यापक ‘अद्भुत’ अधिक उपयोगी वाटतो. ‘प्रतिनिधित्व’ म्हटले की मराठी वाचकाला आधी निवडणूक आठवते. म्हणून येथे ‘प्रतिरूपण’ स्वीकारले आहे.

‘माध्यमभाषा’ या शब्दातील ‘भाषा’ कितपत अक्षरशः घ्यायची, हा वाद जुना आहे. चित्रपट-सिद्धांतकार क्रिस्तियाँ मेट्झ यांनी १९६४ मध्ये चित्रपटाला भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या अर्थाने नियमबद्ध भाषाव्यवस्था मानण्यास नकार दिला: चित्रपटात शब्दासारखे सुटे एकक नाही आणि एकच शॉट पूर्ण विधानाइतका ऐवज सांगतो. माध्यम-अभ्यासक जॉन फिस्क आणि जॉन हार्टली यांनी १९७८ मध्ये दूरचित्रवाणीचे ‘वाचन’ मांडले, तेव्हा भर व्याकरणावर नसून संकेतांवर होता. संकेत म्हणजे समाजाने मान्य केलेल्या अर्थखुणा. पुढील अध्यापनात हीच भूमिका टिकली आणि ती अधिक सावध आहे.

अद्भुतरम्य मालिकेत या संकेतांवर जास्त भार पडतो, कारण प्रेक्षकाला जग ओळखीचे नसते. ते काही मिनिटांत खरे वाटावे म्हणून निर्माते ओळखीच्या खुणांची उसनवारी करतात. बीबीसीच्या मर्लिन (२००८–१२) या मालिकेतील कॅमलॉटचा, म्हणजे दंतकथेतील आर्थर राजाच्या राजधानीचा, किल्ला म्हणजे फ्रान्समधील पिएरफाँ. पडझड झालेल्या त्या गढीची पुनर्रचना व्हियोले-ल-द्यूक या वास्तुशिल्पज्ञाने १८५७ पासून तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने केली, आणि तीत जुन्याचे जतन कमी, स्वतःची कल्पना अधिक होती. म्हणजे पडद्यावर अस्सल मध्ययुग म्हणून दिसते ते पुष्कळसे एकोणिसाव्या शतकाचे मध्ययुग. बुरूज, मशाली, राखाडी दगड हा संच प्रेक्षकाला इतका पाठ असतो, की तो इतिहास नसून संकेत आहे याचा विसर पडतो.

गेम ऑफ थ्रोन्स (एचबीओ, २०११–१९, ८ पर्वे, ७३ भाग) या मालिकेत बोलीभाषाच चित्रभाषेइतकी कामाला लावली आहे. मूळ कादंबऱ्यांत डोथ्राकी व व्हॅलिरियन या भाषांचे मोजकेच शब्द होते. त्यांचे व्याकरण व शब्दसंग्रह डेव्हिड जे. पीटरसन यांनी मालिकेसाठी रचले. तिसऱ्या पर्वातील (२०१३) अ‍ॅस्टापोर येथील सौद्याचे प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. राजगादीची दावेदार डिनेरिस एक ड्रॅगन देऊन गुलामांचे सैन्य विकत घ्यायला आलेली असते. गुलामांचा व्यापारी व्हॅलिरियनमध्ये तिला बेधडक शिव्या देतो. दुभाषी मिसँडे त्या शिव्या गाळून सौम्य भाषांतर करते. प्रेक्षकाला मात्र सबटायटलमुळे मूळ शब्द कळतात. त्यामुळे डिनेरिसला कळत नाही ते आपल्याला कळते, अशी समजूत प्रेक्षक व व्यापारी दोघांचीही होते. चौथ्या भागात ड्रॅगन काही केल्या ऐकत नाही अशी तक्रार व्यापारी करतो आणि डिनेरिस अस्खलित व्हॅलिरियनमध्ये उत्तर देते, की ड्रॅगन गुलाम नसतो. तिला आधीपासून सारे कळत होते! सबटायटल ही सोय नसून सापळा होता, हे त्या क्षणी उघड होते. कॅमेरा व्यापाऱ्याच्या उतरलेल्या चेहऱ्यावर येतो तेव्हा फजिती प्रेक्षकाचीही झालेली असते.

इंग्रजी उच्चारांचीही अशीच वाटणी आहे. उत्तरेकडील स्टार्क घराणे मुख्यतः उत्तर इंग्लंडच्या ढंगात, तर लॅनिस्टर प्रमाण दक्षिणी उच्चारांत बोलतात. कल्पित नकाशा ब्रिटिश वर्गभेदावर बेतलेला आहे, हे कानाला आधी कळते. नाट्यशास्त्रातील भाषाविधानात उत्तम पात्रांना संस्कृत आणि बहुतेक स्त्रिया व सेवक यांना प्राकृत नेमून दिलेली आहे, तत्त्व तेच.

प्रकाशयोजनेबाबत सर्वाधिक चर्चा झाली ती याच मालिकेच्या, २८ एप्रिल २०१९ रोजी प्रसारित झालेल्या, सुमारे ८२ मिनिटांच्या, रात्रीच्या लढाईच्या भागाची. काहीच दिसत नाही अशी तक्रार असंख्य प्रेक्षकांनी केली. छायालेखक फेबियन वॅग्नर यांनी अंधार हेतुपुरस्सर असल्याचे सांगून घरच्या टीव्हीच्या चुकीच्या मांडणीकडे बोट दाखवले. तांत्रिक कारण याहून थोडे खोल आहे. ८ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगघटकाला जास्तीत जास्त २५६ पायऱ्या मिळतात आणि दाट अंधाराच्या वाट्याला त्यांतल्या थोड्याच येतात. माहितीचे आकुंचन करताना संगणकप्रणाली डोळ्याला फारसा जाणवणार नाही असा तपशील टाकून देते, आणि हा तपशील बहुधा गडद भागातला असतो. परिणामी काळ्या रंगाच्या मऊ छटांऐवजी पट्टे व चौकोन दिसतात. संकेत रचला कसा गेला याबरोबरच तो घरापर्यंत पोहोचला कसा, हेही माध्यमभाषेत मोजावे लागते.

प्रतिरूपणाविषयी संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी (१९९७) तीन दृष्टी नोंदवल्या: अर्थ वास्तवाचे प्रतिबिंब असतो, तो निर्मात्याचा हेतू असतो, किंवा तो चिन्हांच्या व्यवहारात घडवला जातो. अद्भुतरम्य मालिकेत पहिली दृष्टी लंगडी पडते, कारण प्रतिबिंब पडायला मूळ जगच नसते. जे दिसते ते कोणीतरी निवडलेले असते. तरीही स्त्रियांवरील हिंसेचे समर्थन ‘मध्ययुगात असेच होते’ असे केले जाते आणि त्याच चौकटीत ड्रॅगन मात्र बिनतक्रार उडतात. वास्तवाची ही सोयीस्कर आठवण, प्रस्तुत लेखकाच्या मते, या विषयाचे खरे मर्म आहे. गेम ऑफ थ्रोन्सच्या पाचव्या पर्वात (२०१५) स्टार्क घराण्यातील सान्सावर लग्नाच्या रात्री अत्याचार होतो तेव्हा कॅमेरा तिच्यावरून सरकून साक्षीदार थिऑनच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. काहींनी हा संयम मानला. पण तिच्या वेदनेचे केंद्र एका पुरुषाकडे गेले हा आक्षेप अधिक सयुक्तिक दिसतो, कारण क्लोज-अप ज्याचा, प्रसंग त्याचा.

वंशाच्या बाबतीत याच मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा शेवट वादग्रस्त ठरला. मुक्त झालेल्या सावळ्या वर्णाच्या गुलामांचा समुदाय गोऱ्या, सोनेरी केसांच्या डिनेरिसला हातांवर उचलून ‘आई’ म्हणून हाका मारतो. गर्दीतील लोक चित्रीकरणस्थळी, म्हणजे मोरोक्कोत, घेतलेले होते असे स्पष्टीकरण पुढे आले. निवडीचे कारण व्यावहारिक असले तरी पडद्यावरचा अर्थ त्याने बदलत नाही. याउलट मर्लिनमध्ये आर्थरच्या राणीची, ग्विनेव्हियरची, भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्री एंजल कूल्बी यांनी केली. द रिंग्ज ऑफ पॉवर (२०२२) मध्ये एका एल्फच्या (कल्पित अमानवी वंशातील पात्राच्या) भूमिकेत इस्माएल क्रूझ कॉर्दोव्हा दिसले, तेव्हा वर्णावरून मोठा गदारोळ झाला. एल्फ कोणी पाहिलेले नाहीत, हा मुद्दा त्या गदारोळात फारसा कोणी लक्षात घेतला नाही. गेम ऑफ थ्रोन्समधील टिरिअनच्या भूमिकेसाठी पीटर डिंकलेज यांना चार एमी पुरस्कार मिळाले. बुटकेपणा हा चेष्टेचा किंवा जादूचा विषय न करता पात्राला राजकीय बुद्धी देण्याचे हे तुलनेने विरळ उदाहरण होय.

ध्वनीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. डॉक्टर हू (बीबीसी, १९६३ पासून) ही मालिका विज्ञानकथा की अद्भुतिका, याबद्दल मतभेद असले, तरी तिच्यातील टार्डिस या यानाच्या उड्डाणाचा आवाज या संदर्भात हमखास सांगितला जातो. तो बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिनिर्मिती विभागातील ब्रायन हॉजसन यांनी एका जुन्या पियानोच्या खर्जातल्या तारांवर घराची किल्ली घासून तयार केला.