कवेलू, कूलर आणि घरातली हवा

उन्हाळ्यात भर दुपारी कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात दार लोटून बसले की छताच्या फटींतून उन्हाचे कवडसे जमिनीवर उतरतात आणि त्या प्रत्येक कवडशात धूळ, चुलीच्या धुराचे पदर आणि कापसाची बारीक तुसे तरंगताना दिसतात. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या खेड्यांमध्ये मुलांना शाळा नव्हती आणि मोठ्यांना आठवडी बाजार नव्हता, त्यामुळे एरवी कोणाचे लक्ष न जाणारा हा खेळ पाहायला घरात सगळ्यांनाच वेळ होता. कवडशात दिसणारे कण कवडशाच्या बाहेरही तितकेच असतात, फक्त तिथे ते डोळ्यांना दिसत नाहीत. टाळेबंदीच्या काळात एकाच घरातल्या माणसांमध्ये कोरोनाचा संसर्ग कसा पसरला हे समजून घ्यायला कवडशाइतके सोपे आणि फुकटचे उपकरण दुसरे नाही.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चला, नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. पहिला आदेश २१ दिवसांचा होता. तो वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेला. एका घरातल्या माणसांचा दुसऱ्या घरातल्या माणसांशी संबंध कमी झाला की साथीचा वेग मंदावतो, हा टाळेबंदीमागचा हिशोब बरोबरच होता. परंतु त्या हिशोबात प्रत्येक घर हा एक अखंड ठिपका मानलेला असतो. त्या ठिपक्याच्या आत आजी, आबाजी, मुलगा, सून आणि नातवंडे दिवसाचे चोवीस तास एकाच हवेत श्वास घेत आहेत, ही गोष्ट ‘घरात राहा, सुरक्षित राहा’ या घोषणेत कुठेच नव्हती.

साथीच्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस घरातल्या संसर्गावरच्या ५४ अभ्यासांची एकत्रित छाननी प्रसिद्ध झाली. घरातला एक माणूस बाधित झाल्यावर त्याच घरातल्या इतरांपैकी किती जणांना लागण होते, हा तिचा प्रश्न होता आणि सरासरी उत्तर होते सुमारे १६.६ टक्के. विषाणूच्या पुढे आलेल्या उपप्रकारांत हे प्रमाण वाढले. पण मला त्या सरासरीपेक्षा तिच्या पोटातले आकडे अधिक बोलके वाटतात. बाधिताच्या पती किंवा पत्नीला लागण होण्याचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते, तर घरातल्या इतर नातेवाइकांमध्ये ते सुमारे १८ टक्के होते. विषाणू तोच, घर तेच आणि स्वयंपाकही एकाच चुलीवरचा, तरी शेजारी झोपणाऱ्याला धोका दुपटीहून अधिक होता. याचा अर्थ घराच्या आतही अंतर असते आणि कोण कोणाच्या किती जवळ, किती वेळ आणि कशा हवेत असतो यावर बरेच काही ठरते.

आपण बोलतो, खोकतो किंवा नुसता श्वास सोडतो तेव्हा तोंडानाकातून वेगवेगळ्या आकारांचे थेंब बाहेर पडतात. शंभर मायक्रॉनचा थेंब, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडा मोठा, उभ्या माणसाच्या तोंडापासून जमिनीवर पडायला जेमतेम पाच सेकंद घेतो. पाच मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत तेवढेच अंतर खाली यायला अर्धा तास लागतो आणि त्याहून बारीक कण तर कवडशातल्या धुळीसारखे तासन्‌तास तरंगत राहू शकतात. सुरुवातीला जगभरच्या आरोग्ययंत्रणांचा भर मोठ्या थेंबांवर होता, म्हणून ‘दोन गज दूरी’ आणि हात धुणे यांचाच गजर झाला. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या, असे जाहीर आवाहन केले. तरीही ही गोष्ट अधिकृत सूचनांमध्ये ठळकपणे यायला २०२१ उजाडले. तोपर्यंत आमच्याकडे कपाशीवर मारायचे फवारणी पंप पाठीला लावून गल्लीबोळांतून सोडियम हायपोक्लोराइट शिंपडून झाले होते. रस्त्यांवरच्या अशा फवारणीचा उपयोग नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितले होते. साबणाने हात धुणे मात्र वाया गेले नाही, कारण साबण विषाणूचे स्निग्ध आवरण फोडतो. पण घरातल्या घरात मुख्य रस्ता हवेचा होता.

ही हवा किती ‘उसनी’ आहे, ते मोजता येते. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ४ टक्के, म्हणजे दहा लाखांत ४०,००० भाग असते. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते दहा लाखांत ४०० च्या थोडे वर असते. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोली घेतली, तर तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. अशी चार माणसे त्या खोलीत दारे-खिडक्या पूर्ण बंद करून झोपली, तर एका तासात ते प्रमाण सुमारे १४०० भागांनी वाढते आणि सव्वा तासाच्या आतच २००० चा आकडा ओलांडते. त्या क्षणी आत घेतलेल्या साधारण प्रत्येक पंचविसाव्या श्वासाइतकी हवा आधी कोणाच्या तरी फुप्फुसांतून बाहेर आलेली असते. त्यातला काही वाटा आपला स्वतःचाच असतो, उरलेला शेजारी झोपलेल्यांचा. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी तशी ही देवाणघेवाण रात्रभर चालते आणि चारांपैकी एक जण बाधित असेल तर विषाणूही त्याच वाटीतून येतो.

प्रत्यक्षात कोणतेही घर इतके बंद नसते आणि इथेच विदर्भातल्या घरांच्या बांधणीचा प्रश्न येतो. कवेलूचे छप्पर उन्हाळ्यात कवडसे आत सोडते आणि पावसाळ्यात पाणीही, म्हणून त्याला गरिबीचे लक्षण मानले गेले. पण तापलेली हलकी हवा वर चढून त्याच फटींतून निघून जाते आणि तिची जागा घ्यायला दाराखालून व कुडाच्या भिंतीतून नवी हवा आत येते. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात हेच काम छताला उजेडासाठी ठेवलेले साणे करते. चुलीचा धूरही त्याच वाटेने बाहेर जातो, सगळा नाही, पण बराचसा. आता गावोगावी स्लॅबची घरकुले उभी राहिली आहेत. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर धरलेले आहे. ही घरे पक्की आहेत, गळत नाहीत, सापविंचवांपासून सुरक्षित आहेत आणि मी कोणालाही कवेलूच्या घरात परत जा असे म्हणणार नाही. पण स्लॅबला फट नसते आणि तिथे हवा खेळवायचे काम एकट्या खिडकीवर येते.

त्या वर्षी खिडक्यांपुढे मात्र दुसरेच काही होते. टाळेबंदीत कापूस खरेदी बंद पडल्यामुळे पश्चिम विदर्भातल्या असंख्य घरांमध्ये कापूस पडून राहिला. तीन खोल्यांच्या घरात एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली, विडीकाडीची ठिणगी जाऊ नये म्हणून तिची खिडकी बंद, आणि माणसे उरलेल्या दोन खोल्यांत. आमच्याही घरात हेच चित्र होते. कापसाने अंगाला खाज सुटते म्हणून मुले त्या खोलीकडे फिरकत नसत, त्यामुळे माजघरातली गर्दी आणखी वाढे. माणसामागे मिळणारी हवा कापूस खरेदी बंद पडल्यामुळेही कमी होऊ शकते, हे मला तोपर्यंत कोणत्याच पुस्तकात वाचायला मिळाले नव्हते.

आता कूलरकडे वळतो, कारण वैदर्भीय उन्हाळ्याचा विचार त्याच्याशिवाय पुरा होत नाही. कूलरचे तत्त्व माठाचेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. कूलरच्या बाजूंना लावलेल्या ओल्या ताटीतून जाणारी कोरडी, तापलेली हवा ही उष्णता स्वतःतून देते आणि थंड होऊन आत येते. पारा ४५ अंशांवर आणि हवा खडखडीत कोरडी असताना हे यंत्र उत्तम चालते. मुंबईच्या दमट हवेत ते जवळजवळ निरुपयोगी ठरते. पण साथीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट थंडावा ही नाही. बहुतेक घरगुती एअर कंडिशनर खोलीतली तीच हवा पुन्हापुन्हा फिरवतो, तर खिडकीत बसवलेला कूलर सतत बाहेरची ताजी हवा आत ढकलतो. ताशी २००० घनमीटर हवा देणारा साधा कूलर वर सांगितलेल्या खोलीतली हवा कागदावर तासाला ५९ वेळा बदलतो. जुनी मोटर, क्षाराने भरलेल्या ताट्या आणि अर्धवट उघडे दार लक्षात घेऊन हा आकडा निम्मा केला, तरी तो ३० च्या आसपास राहतो. हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या रुग्णांसाठी रुग्णालयात जी खास खोली लागते, तिच्यात तासाला किमान १२ वेळा हवा बदलावी अशी शिफारस असते. म्हणजे पत्र्याचा खडखडणारा डबा रुग्णालयाच्या अपेक्षेहून अधिक हवा खेळवत होता.

मात्र त्याला दोन अटी आहेत. पहिली अट अशी की कूलर खिडकीच्या बाहेर किंवा खिडकीत असावा. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला कूलर आतलीच हवा घुसळतो, तिला ओलसर करतो आणि बाधिताचे कण साऱ्या खोलीत सारखे पसरवतो. दुसरी अट म्हणजे आलेल्या हवेला जायला समोरचे दार किंवा खिडकी उघडी हवी. गावात हे शास्त्र म्हणून कोणी सांगत नाही, पण ‘दार लावू नको, दमट होते’ असे आजी जेव्हा ओरडते तेव्हा ती नेमके हेच सांगत असते. वातानुकूलन अभियंत्यांच्या भारतीय संघटनेने एप्रिल २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही कूलरने बाहेरचीच हवा घ्यावी आणि दमट हवेला बाहेर जाऊ द्यावे, असे म्हटले होते. कूलरच्या टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकण्याचा सल्ला मात्र वेगळ्या रोगासाठी आहे: डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात.

कूलरने विदर्भाला वाचवले, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात पुन्हा टाळेबंदीची वेळ सर्वांत आधी आली ती अमरावतीवर, आणि दुसऱ्या लाटेचा कळस तर भर एप्रिलमध्ये, कूलर चालू असतानाच झाला. वीज गेली की कूलर थांबतो, पाण्याची टंचाई असलेल्या गावात तो कोरडाच फिरतो आणि अंगणात जागा आहे म्हणून सगळे लग्नाला जमले तर घरातल्या हवेचा हिशोब कामी येत नाही. शिवाय विषाणूचा नवा उपप्रकार आधीच्यापेक्षा वेगाने पसरणारा होता. घरातली हवा हे साथीच्या अनेक कारणांपैकी एक कारण आहे, पण ते आपल्या हातातले आहे.

आजाऱ्याला वेगळे ठेवायचे म्हणजे कुठे ठेवायचे, हा प्रश्न तर त्याहून अवघड होता. सौम्य लक्षणांच्या रुग्णाने घरीच विलगीकरणात राहावे, अशी मुभा केंद्राने एप्रिल २०२० च्या अखेरीस दिली. पण त्यासाठी स्वतंत्र खोली असावी ही अपेक्षा दोन खोल्यांच्या घराला कशी झेपणार? मे २०२१ मध्ये राज्य सरकारने १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद केले, त्यांत विदर्भातले काही जिल्हेही होते. गावांनी मात्र त्याआधीच आपला मार्ग काढला होता. मिरची तोडणीसाठी तेलंगणात गेलेले मजूर परतले तेव्हा ते चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिले, किंवा ज्यांचे वावर, म्हणजे शेत होते ते वावरातल्या झोपडीत. हा मार्ग जुनाच आहे. प्लेगच्या काळात गावे ओस पाडून माणसे रानात राहायला जात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि उंदरांच्या पिसवांमधून तो पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे घर सोडणे योग्य का, हे कळण्याआधीच लोक घर सोडत होते. कोरोनात उंदरांचा संबंध नव्हता, तरी झोपडी उपयोगी पडली, कारण तुराट्यांच्या भिंतींतून वारा आरपार जातो.

रुग्ण घरी ठेवला तर बाकीच्यांचे काय होते, याचा सर्वांत नेटका भारतीय प्रयोग क्षयरोगावर झालेला आहे. १९५६ मध्ये मद्रासला क्षयाच्या १९३ रुग्णांपैकी निम्म्यांवर सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या खास रुग्णालयात, आणि निम्म्यांवर त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत तीच औषधे देऊन उपचार सुरू झाले. घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले आणि पाच वर्षे पाठपुरावा करूनही त्यांच्या घरच्यांना अधिक लागण झाल्याचे आढळले नाही. मुख्य कारण असे की रोग ओळखून उपचार सुरू होण्याआधीच जो काही संसर्ग घरात व्हायचा तो होऊन गेलेला होता. कोरोनातही बाधित माणूस लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून विषाणू सोडू लागतो. ताप आल्यावर ताट-वाटी वेगळी केली, पण त्याआधीच्या दोन रात्री सगळे एकाच बंद खोलीत झोपले, तर उपाय उशिरा सुरू झालेला असतो. म्हणूनच कोणीही आजारी नसताना खिडकी उघडी ठेवण्याला अर्थ आहे.

आमच्या घरातला कापूस मृग लागायच्या सुमारास गेला. खोली झाडून काढली आणि तिची खिडकी चार महिन्यांनी उघडली, तेव्हा बिजागरी गंजून बसलेली होती आणि तिला तेल घालावे लागले. आबाजींची बाज त्याच दिवशी माजघरातून त्या खोलीत हलवली. डोके खिडकीकडे आणि पाय दाराकडे, म्हणजे वारा आधी त्यांच्यावरून जाईल आणि मग आमच्याकडे येईल, उलटा नाही.