जुन्या जीपमध्ये नवं इंजिन: धूर का वाढतो?

जालन्यातल्या एका गॅरेजात १९६८ ची पेट्रोल जीप उभी होती. बॉनेटखाली अपघातातल्या गाडीचं बीएस-४ (भारत स्टेज-४ या प्रदूषण निकषाचं) इंजिन. पिकअप झकास, पण सायलेन्सरमागे उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. "इंजिन तर नवंच आहे," मिस्त्री म्हणाले.

मी खाली वाकून पाहिलं. धुरातले विषारी वायू मोडणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जागी साधा पाइप वेल्ड केलेला, कारण "त्याने गाडीचा दम कोंडतो". धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर पार मागे, सायलेन्सरजवळ. आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या) जोडावर काजळीची काळी रेघ, म्हणजे जोड बंद ठेवणारं गॅस्केट गळत होतं.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. कन्व्हर्टरला कार्बन मोनॉक्साइड जाळायला ऑक्सिजन हवा, तर नायट्रोजन ऑक्साइड मोडायला तो जास्त नको. दोन्ही कामं एकदम होतात ती फक्त या प्रमाणाच्या आसपास. ते राखलं जातं ऑक्सिजन सेन्सरच्या मापावर, पण तो साधारण ३०० अंशांना तापल्यावरच नीट चालतो. मागे नेऊन बसवला की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) थंड पडतो. गळक्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली गेली, तर सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. मग इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि त्यातलं बरंच न जळताच बाहेर पडतं. आमचे डोळे त्यानेच चुरचुरत होते.

तरी ही जीप पीयूसीत पास होऊ शकते. बीएस-४ पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, पण इतक्या जुन्या गाडीला ३ टक्के, म्हणजे दहापट. मला हे पटत नाही. कॅलिफोर्नियात बसवायचं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यापेक्षा नवं लागतं, आणि त्याची प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा सोबत बसवावी लागते. शास्त्राला धरून आहे ते हेच.

मिस्त्रींनी गॅस्केट बदललं, कन्व्हर्टर आणि सेन्सर मॅनिफोल्डजवळ बसवले. चुरचुर थांबली.

कागदांचं राहिलंच. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ कडे पाहावं लागतं. आरटीओची परवानगी आधी घ्यावी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा. शिवाय ५० वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ पासून 'व्हीए' ही व्हिंटेज नंबरांची मालिका मिळते, पण इंजिनात मोठा फेरफार केला असेल तर नाही. या जीपचं मूळ इंजिन सुदैवाने भंगारात गेलेलं नाही. गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली आहे.