आकड्यामागची गोष्ट: बँकेला, पार्टनरला आणि घरच्यांना हिशोब कसा सांगायचा

नमस्कार मंडळी,

बॅलन्स शीटची फाईल आमच्याकडून घेऊन जाता आणि आठवड्याभरात फोन येतो, "बँकेचे मॅनेजर साहेब विचारतायत प्रॉफिट दिसतंय मग सीसी कायम फुल का, काय सांगू?" (सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, धंदा चालवायला बँकेने ठरावीक मर्यादेपर्यंत दिलेलं कर्ज.) असे फोन खूप येतात, म्हणून हे माहितीपत्रक काढलं.

मोठ्या कंपनीत यासाठी सीएफओ, म्हणजे पैशाचा कारभार बघणारा मुख्य अधिकारी असतो. आकडे काढणं जेवढं त्याचं काम, तेवढंच ते समजावून सांगणं पण. शेअर बाजारात लिस्टेड कंपन्यांना तर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने वार्षिक अहवालात धंद्यात काय झालं, का झालं, पुढे धोका कुठे आहे हे लिहावंच लागतं. तुमचे आकडे आम्ही काढून देतो, पण साहेबांसमोर खुर्चीत तुम्हीच बसता.

समजा शिरोली एमआयडीसीत तुमचं मशीनिंगचं युनिट आहे, महिन्याला 30 लाखांचं बिलिंग. गेल्या वर्षी पार्टी 45 दिवसांत पेमेंट करायची म्हणजे 45 लाख बाहेर, यंदा तीच पार्टी 75 दिवसांवर गेली म्हणजे 75 लाख बाहेर. सेल तेवढाच, प्रॉफिट तेवढंच, पण 30 लाख जास्तीचे अडकले, ते सीसीतून निघाले आणि त्याचं व्याज तुम्ही भरताय. झाली की गोष्ट! आता हीच साहेबांना सांगताना वाईट बातमी आधी सांगा, "उधारी लांबली, या दोन पार्ट्यांमुळे लांबली," मग काय केलं ते सांगा, म्हणजे उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) दाखवून पार्टीला पत्र दिलं का (2006 च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं), नवीन माल थांबवला का, आणि कुठल्या महिन्यात किती येणार. बऱ्याच बँका 90 दिवसांच्या वरची उधारी ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसीतून प्रत्यक्ष किती उचलता येईल त्या हिशोबात) धरतच नाहीत, त्यामुळे स्टॉक स्टेटमेंट (माल आणि उधारीचा बँकेला दिलेला तक्ता) बघताना साहेबांचं बोट त्याच ओळीवर जाणार, त्याच्या आधी तुमचं बोट तिथे गेलेलं बरं.

पार्टनरला मात्र हेच वेगळं सांगावं लागतं. बँकेला हप्ता आणि व्याज वेळेवर येणार का एवढंच बघायचं असतं, पार्टनरला यंदा उचल किती मिळणार ते हवं असतं. आकडे तेच, सुरुवात वेगळी.

आणि घरचे. बायको किंवा भाऊ जामीनदार म्हणून सही करतात आणि कशावर केली ते त्यांना माहीतच नसतं, हे आम्हाला खरंच खटकतं. अमेरिकेतले मोठे गुंतवणूकदार वॉरन बफे आपल्या कंपनीच्या शेअरहोल्डरना वार्षिक पत्र लिहिताना आपल्या बहिणींशी, डोरिस आणि बर्टीशी बोलतोय असं समजून लिहायचे, बहिणी हुशार पण अकाउंट्समधल्या नाहीत. 1972 मध्ये घेतलेल्या सीज कँडी या चॉकलेट कंपनीची गोष्ट त्यांनी 2007 च्या पत्रात अशीच सांगितली: अडीच कोटी डॉलरला घेतली, तेव्हापासून करापूर्वीचा नफा मिळून 135 कोटी डॉलर आला. चॉकलेटचं दुकान कुणालाही कळतं. तुम्ही पण सही घ्यायच्या आधी ताईला किंवा वहिनींना पाच मिनिटं असं सांगून बघा, कुठे अडखळता तिथे तुम्हालाच हिशोब कळलेला नसतो बहुतेक वेळा.

एक गोष्ट मात्र आम्ही कुणासाठीही करणार नाही. आकड्याला धरून नसलेली गोष्ट रचून देणार नाही. सत्यम या आयटी कंपनीची गोष्ट वर्षानुवर्षं छान चालली होती आणि 7 जानेवारी 2009 ला चेअरमननी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की खात्यात दाखवलेले 5,040 कोटी रुपये नव्हतेच.

सीसीच्या लिमिट रिन्यूअलच्या महिनाभर आधी ऑफिसला या. पार्टीनिहाय उधारीची यादी, सहा महिन्यांचं सीसीचं स्टेटमेंट आणि हातातल्या ऑर्डरी घेऊन या, तासभर बसू, साहेब जे विचारतील ते आम्ही आधी विचारू. वहिनींना पण आणा, चहा आमच्याकडे.