पार्श्वभूमी : हॉटेल ‘हरित प्रमाणित’ आहे म्हणजे नेमके काय?

परिषद पर्यावरणस्नेही करायची असे ठरले की आयोजन समितीत पहिला विषय निघतो हॉटेलचा, आणि हॉटेलपाठोपाठ प्रमाणपत्राचा. हॉटेलांना पाठवायच्या प्रश्नावलीत ‘आपले हॉटेल हरित प्रमाणित आहे का?’ अशी एक ओळ असते. पुढे ‘होय’ आले की समिती जेवणाच्या पानांकडे वळते. पण या एका ‘होय’मागे एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या तीन-चार गोष्टी असू शकतात. हा गोंधळ कसा झाला, ते पाहायला हवे.

सुरुवात टॉवेलपासून झाली. ‘टॉवेल पुन्हा वापरा, पर्यावरण वाचवा’ अशी कार्डे १९८० च्या दशकात खोल्यांत दिसू लागली होती. १९८६ मध्ये एका अमेरिकी पर्यावरण अभ्यासकाने त्यांच्यावर टीका करताना ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द घडवला. त्याचा आक्षेप असा की वाचत होता तो धुलाईचा खर्च, आणि नाव मात्र पर्यावरणाचे पुढे केले जात होते. हरित हॉटेल ही कल्पना नीट रुजण्याआधीच तिच्याविषयीच्या संशयाला नाव मिळाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे १९९२ मध्ये रिओ दी जानेरो इथे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद झाली आणि हॉटेलांसाठी स्वतंत्र हरित चिन्हे निघू लागली. १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेले असेच एक चिन्ह आज अनेक देशांत दिसते.

खरी गुंतागुंत १९९६ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचे मानक आले आणि हॉटेलेही ते घेऊ लागली. हे मानक व्यवस्थेचे आहे. धोरण लिहिले आहे का, उद्दिष्टे ठरवली आहेत का, कायदे पाळले जातात का, चुकांची नोंद ठेवून सुधारणा होते का, हे लेखापरीक्षक तपासतो. एका खोलीमागे किती पाणी किंवा किती वीज चालेल, याचा आकडा त्यात कुठेही नाही. उद्दिष्ट हॉटेलनेच ठरवायचे. सारखाच व्यवसाय करणाऱ्या पण पर्यावरणीय कामगिरी वेगवेगळी असलेल्या दोन संस्था या मानकात बसू शकतात, असे त्याच्या २००४ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. मानकाने काही लपवले नाही. भिंतीवरचे चौकटीतले प्रमाणपत्र पाहून ‘हे हॉटेल कमी पाणी वापरते’ असा अर्थ काढला तो आपण.

त्यातच २००० नंतर इमारतींना हरित श्रेणी देण्याच्या पद्धती पसरल्या. ‘लीड’ ही त्यांतलीच एक अमेरिकी पद्धत; नव्या बांधकामाला मिळालेली तिची श्रेणी संपत नाही. दहा वर्षांपूर्वी वास्तुरचनेसाठी मिळालेला फलक स्वागतकक्षात आजही लटकू शकतो. चालू इमारतीच्या देखभालीची श्रेणी वेगळी असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. आजच्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याबद्दल किंवा रिकाम्या सभागृहात चालू राहिलेल्या वातानुकूलनाबद्दल बांधकामाचा फलक काहीच सांगत नाही. काही फलक तर नुसत्या सदस्यत्वाचे असतात: वर्गणी भरली, वचननाम्यावर सही केली, पानाचे चित्र मिळाले. व्यवस्था, इमारत, मोजलेली कामगिरी आणि नुसते वचन अशा चारही गोष्टींना बोलीत एकच शब्द, ‘प्रमाणित’.

२००७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण यंत्रणेने स्वतःच्या बैठकांच्या खरेदीसाठी एक नियम केला. त्यात प्रमाणपत्रावर न थांबता हॉटेलला साधे प्रश्न विचारले होते: पुनर्चक्रीकरण होते का, चादरी-टॉवेल रोज न बदलण्याची सोय आहे का, सार्वजनिक वाहतुकीने पोहोचता येते का, खोली रिकामी असताना दिवे आणि वातानुकूलन बंद होते का. उत्तरे लेखी आणि खरेदीच्या प्रक्रियेचाच भाग. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत शहाणे पाऊल होते, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी झाली.

कारण लक्ष दुसरीकडे होते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कार्यक्रमांच्या शाश्वत व्यवस्थापनासाठी बीएस ८९०१ हे मानक आले. २०१२ मध्ये, लंडन ऑलिम्पिकच्या तोंडावर, त्यातूनच आयएसओ २०१२१ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. तेही व्यवस्थेचेच. शिवाय बाहेरच्या लेखापरीक्षकाऐवजी स्वयंघोषणेची मुभा त्यात आहे. याच सुमारास उत्तर अमेरिकेत नेमका उलटा प्रयोग झाला. निवास, भोजन, सभागृह, प्रदर्शन, वाहतूक असे नऊ भाग, प्रत्येकाला चार पातळ्या, आणि काय केले तर कोणती पातळी याची ठरलेली मोजमापे. हॉटेल आणि आयोजक या दोघांवरही जबाबदारी टाकलेली. पण कागदपत्रांचे ओझे प्रचंड होते. जगभर पसरले ते व्यवस्थेचे मानक. कोणत्याही आकाराच्या, कोणत्याही देशातल्या कार्यक्रमाला ते लागू होते, असे त्याचे समर्थक म्हणतात आणि ते खरेही आहे. पण त्याची किंमत म्हणजे दोन प्रमाणित परिषदांची तुलना करता येत नाही, आणि ही किंमत छोटी नाही.

तुलनेची सोय २०१२ मध्येच वेगळ्या वाटेने झाली. हॉटेल उद्योगाने कार्बन उत्सर्जन मोजण्याची एक सामाईक पद्धत ठरवली: राहत्या खोलीमागे दिवसाला किती, आणि सभागृहाच्या क्षेत्रफळामागे तासाला किती. बाहेर दिलेली धुलाईसुद्धा त्यात धरायची. हे दोन आकडे मागवले की दोन हॉटेले शेजारी ठेवून पाहता येतात.

नंतरच्या काळात मुद्दाच सरकला. सॅन फ्रान्सिस्कोत २०१९ मध्ये भरलेल्या एका मोठ्या भूविज्ञान परिषदेचा हिशेब पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. सुमारे २८,००० प्रतिनिधींच्या प्रवासातून ८०,००० टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे माणशी जवळजवळ तीन टन. या आकड्यापुढे टॉवेल कुठे राहतात? महासाथीत परिषदा ऑनलाइन गेल्या. पूर्णपणे ऑनलाइन परिषदेचा कार्बन ठसा सुमारे ९४ टक्क्यांनी घटतो, असे २०२१ च्या एका अभ्यासात दिसले. म्हणून हॉटेल निवडणे निरर्थक ठरत नाही. पण शहर आधी आणि हॉटेल नंतर, हा क्रम आता टाळता येत नाही. ‘कार्बन न्यूट्रल परिषद’ हा शब्दही याच टप्प्यावर वादात सापडला, कारण बहुतेक वेळा त्याचा आधार विमानप्रवासाच्या बदल्यात विकत घेतलेली कार्बन भरपाई, म्हणजे दुसरीकडे उत्सर्जन कमी करण्यासाठी दिलेले पैसे, हाच होता.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये यावर कायदा केला. पुराव्याशिवाय ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम शब्द वापरायला, केवळ भरपाईच्या जोरावर उत्पादन किंवा सेवा ‘न्यूट्रल’ म्हणवायला आणि प्रमाणन योजनेशिवाय खासगी हरित चिन्हे लावायला त्यात बंदी आहे. २७ सप्टेंबर २०२६ ही त्याच्या अंमलबजावणीची तारीख. मात्र हा कायदा व्यावसायिकाने ग्राहकापुढे केलेल्या दाव्यांपुरता आहे. आयोजक संस्था शंभर खोल्यांसाठी हॉटेलशी करार करते तो व्यवहार दोन संस्थांमधला असतो, आणि तो या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. कोणते प्रमाणपत्र, कशाचे, कोणी तपासले आणि कधीपर्यंत वैध, हे तिथे समितीलाच विचारावे लागेल.