नळी एक, गोळ्या तीन: बुलपप रायफलचा नेम मोजायचा कसा

एखादी रायफल किती अचूक आहे असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या काडतुसाने? पॉईंट टू टू, म्हणजे .२२ इंची रायफल मारणाऱ्या आपल्या पोरापोरींना हे वेगळं सांगावं लागत नाही. स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलीमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं, त्यामुळे या लेव्हलचे नेमबाज काडतुसांचा लॉट, म्हणजे कारखान्यातून एकत्र निघालेली खेप, घेण्याआधी आपली नळी क्लॅम्पमध्ये बसवून एकेक लॉट मारून बघतात. कंपनी तीच, बॉक्स तोच, दाम तेच, तरी एक लॉट एका नळीत सुरेख बसतो आणि शेजारच्या नळीत फाकतो. हाच प्रकार लष्करी बुलपपमध्ये आणखी ठळक दिसतो.

बुलपप म्हणजे जिचं मॅगझीन आणि सगळी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्यात बसवलेली असते ती रायफल. आपल्या स्पेशल फोर्सेसच्या हातात दिसणारी इस्रायली टॅव्होर याच जातीची. मी इथे ऑस्ट्रियाची स्टायर ऑग धरून बोलतो, कारण सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून वापरात असलेली ही रायफल बुलपपचा नमुना म्हणावी अशीच आहे. तिची नळी ५०८ मिलीमीटरची, अमेरिकन एम-१६ ची पण तेवढीच, पण एम-१६ ची एकूण लांबी एक मीटरच्या आसपास जाते आणि ऑग ७९० मिलीमीटरमध्ये संपते. म्हणजे गोळीला धावायला जागा तेवढीच मिळते, गोळीला काय माहीत की तिच्यामागे दस्ता आहे की नाही. बुलपप मुळातच कमी अचूक असते हा समज म्हणून मला पटत नाही. ब्रिटिशांच्या एसए-८० या बुलपप कुटुंबातली एल-८६ बघा, नळी ६४६ मिलीमीटरची, आणली होती मशीनगनचं काम करायला, पण एकेक गोळी मारताना इतकी नेमकी निघाली की पुढे लांबच्या नेमासाठीच वापरली गेली.

आता त्याच ऑगमधून तीन प्रकारची ५.५६ मिलीमीटरची काडतुसं मारायची असं समजा. पहिली ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची जुनी अमेरिकन गोळी, आत नुसतं शिसं. दुसरी ६२ ग्रेनची एसएस-१०९, १९८० मध्ये नाटोने स्वीकारलेली, टोकाशी पोलादाचा छोटा तुकडा आणि मागे शिसं. तिसरी ७७ ग्रेनची मॅच गोळी, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेच्या धर्तीची, पाच ग्रॅमची, लांबोडकी.

इथे भोवरा डोळ्यासमोर आणा. जाळी नीट गुंडाळून जोरात फेकला तर ताठ उभा राहतो, फिरकी कमी पडली की डुगडुगतो आणि आडवा होतो. गोळीचं तसंच, नळीतले पिळाचे आटे तिला फिरकी देतात, आणि गोळी जितकी लांब तितकी फिरकी जास्त लागते. वजनापेक्षा लांबी महत्त्वाची, हे इंग्लंडमध्ये ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञाने १८७९ मध्येच साध्या सूत्रात मांडलं होतं. ऑगच्या नळीत ९ इंचात एक फेरा आहे, गोळी सेकंदाला ९४० मीटरने सुटली तर तिची फिरकी मिनिटाला जवळपास अडीच लाख फेरे होते. ५५ आणि ६२ ग्रेनला हे भरपूर झालं, ७७ ग्रेनची लांब गोळी मात्र काठावर येते, थंडीत हवा दाट झाली की अजूनच. फ्रान्सच्या फामास बुलपपची पहिली नळी १२ इंचात एक फेरा देणारी होती, हलक्या गोळीसाठी ठीक, पण अशा नळीतून ६२ ग्रेनची गोळी मारली तर ती हवेत डोलायला लागते आणि कागदावर गोल भोक पडायच्या ऐवजी कुलपाच्या भोकासारखं लांबट भोक पडतं, गोळी आडवी घुसल्याची ती सही. असं एक जरी भोक दिसलं तर तो ग्रुप, म्हणजे एका टार्गेटवर पडलेल्या भोकांचा पुंजका, मोजत बसू नये, नळी आणि गोळीची जोडीच जुळलेली नाही.

मग जास्तीत जास्त फिरकी देऊन टाकावी असं वाटेल. पण त्याची किंमत आहे, आणि मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे. गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या मधल्या रेषेपासून समजा ०.०१ मिलीमीटर सरकलेला आहे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या भागाएवढा. नळीत असताना तो गोल फिरत राहतो, तोंडातून बाहेर पडताक्षणी गोफणीतल्या दगडासारखा एका बाजूला सुटतो, आणि ऑगच्या पिळाचं गणित केलं तर १०० मीटरवर गोळी सुमारे पावणेतीन सेंटीमीटर बाजूला जाते! ७ इंचाच्या पिळात तेच साडेतीन सेंटीमीटर होतं. एसएस-१०९ मध्ये पोलादाचा तुकडा, शिसं आणि तांब्याचं आवरण असे तीन भाग एका रेषेत बसवावे लागतात, तिथे जराशी तिरकस बैठक झाली की ग्रुप फाकला, म्हणून ६२ ग्रेनवाली बऱ्याचदा या तिघींत मागे पडते.

गोळ्या शेजारी शेजारी उलट्या ठेवून बुडाकडून बघितल्या तरी फरक कळतो. साध्या लष्करी गोळीचं आवरण टोकाकडून चढवलेलं असतं, त्यामुळे बुडाशी शिसं उघडं दिसतं आणि कडा जराशी ओबडधोबड. मॅच गोळीचं आवरण उलटं, बूड अखंड आणि गुळगुळीत, बारीक भोक राहतं ते टोकाला. नळी सोडताना मागचा तापलेला गॅस बुडाच्या कडेवरूनच निसटतो, कडा एकसारखी असेल तर गॅस सगळीकडून सारखा ढकलतो, नसेल तर एका बाजूने जास्त. टोकाचं भोक दिसायला वाईट, पण नेमाला बूड चांगलं लागतं.

आता मोजायचं कसं, कारण इथेच बहुतेक जण फसतात. तीन गोळ्या मारायच्या, चांगला ग्रुप आला की फोटो काढायचा, याला टेस्ट म्हणत नाहीत. रायफल तीच, काडतूस तेच, पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी ५ सेंटीमीटर येत असेल तर तीन गोळ्यांचा चारच्या आत येईल आणि दहाचा सव्वासहाच्या आसपास, निव्वळ गणितामुळे. शिवाय पाचाचा एखादा ग्रुप साडेतीनचा आणि पुढचा साडेसहाचा येणं अगदी नॉर्मल आहे. म्हणून दहा-दहाचे निदान तीन ग्रुप, काडतुसं आलटून पालटून, म्हणजे तापलेल्या नळीचा किंवा दमलेल्या खांद्याचा दोष एकाच काडतुसाच्या माथी बसत नाही. काडतूस बदललं की पहिल्या चार-पाच गोळ्या मोजायच्या नाहीत. आणि ग्रुपची जागा वेगळी पडली म्हणून काडतूस वाईट ठरत नाही, झीरो, म्हणजे साईटची जुळणी, बदलून घेता येतो, फाकणं बदलता येत नाही.

१०० मीटरवरच थांबलात तर काडतुसातल्या दारूतला फरक लपून राहतो हेही लक्षात घ्या. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल तर १०० मीटरवर गोळी जेमतेम मिलीमीटर-दीड मिलीमीटर वरखाली होते, पण ३०० मीटरवर साधारण दीड सेंटीमीटर. ग्रुप उभा लांबायला लागला तर आधी दारू आणि वेग तपासायचा.

राहिला चाप. ऑगमध्ये चाप पुढे आणि घोडा मागे दस्त्यात, मध्ये सळया, शिवाय घोड्याची ती पेटी स्प्रिंगा आणि पिना सोडून जवळपास सगळी प्लास्टिकची. बोटाला तो ओढा लांब आणि मऊ लागतो, गोळी नेमकी कधी सुटणार ते कळत नाही, आणि वर अर्धा ओढला की एक गोळी, पूर्ण ओढला की सलग मारा अशी रचना. माणसाच्या हातात ग्रुप फाकतो तो बऱ्याचदा इथे. म्हणून आधी क्लॅम्पमध्ये मारायचं, मग त्याच लॉटने पोत्यावर टेकवून खांद्यावरून. दोन्ही कागद शेजारी लावले की काडतुसाचा वाटा किती आणि चापाचा किती ते दिसतं, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लॉट नंबर, तापमान आणि अंतर तिथल्या तिथे पेनाने लिहायचं, घरी जाऊन आठवत नाही.