कार्ड दिलंत, आता पुढे?

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या दुकानात व्हिजिटिंग कार्ड छापून घेणाऱ्यांसाठी

डबीत शंभर कार्डं आहेत, मोजून घ्या. सोबत हा कागद ठेवलाय, कारण हल्ली कार्डं छापायला विशी-पंचविशीतली मुलंमुली जास्त येतात. कुणी डिप्लोमा करून वागळे इस्टेटच्या औद्योगिक वसाहतीत लागलेलं, कुणी ऐरोलीला आयटीत असून शनिवार-रविवार लग्नांचे फोटो काढणारं, कुणी घरून केक करणारं. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बघून झालं की विचारतात, "काका, ओळखी कशा वाढवायच्या? ऑनलाइन पुढे कसं जायचं?" संध्याकाळी काउंटरवर लग्नपत्रिकावाले खोळंबलेले असतात, तेव्हा धड उत्तर देता येत नाही. म्हणून लिहूनच काढलं.

आधी क्यूआर कोडचं

बहुतेकांना कार्डाच्या मागे क्यूआर हवा असतो, आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या साइट पुष्कळ आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणी कोडमध्ये तुमचा पत्ता घालत नाहीत, स्वतःचा घालतात. स्कॅन करणारा आधी त्यांच्याकडे जातो, मग ते त्याला तुमच्याकडे धाडतात. याला डायनॅमिक कोड म्हणतात. फुकट चाचणीची मुदत संपली की एक तर पैसे भरा, नाहीतर कोड बंद. तोवर तुमची कार्डं निम्म्या ठाण्यात वाटून झालेली असतात. ओळखायचं कसं? स्कॅन करा आणि लिंक उघडण्याआधी फोनवर जो पत्ता दिसतो तो वाचा. त्यात तुमचं नाव किंवा तुमच्या प्रोफाइलचा पत्ता नसेल, भलतंच काही असेल, तर तो कोड छापायला देऊ नका.

डायनॅमिक कोड वाईटच असतो असं नाही. मागचा पत्ता बदलता येतो, किती जणांनी स्कॅन केलं ते कळतं. मोठ्या कंपनीला ते परवडतं. तुम्हाला आमचा सल्ला साधा आहे: नाव, नंबर, ईमेल थेट कोडमध्येच भरून घ्या. स्कॅन केलं की समोरच्याच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करायचं पान उघडतं, नेट नसलं तरी. तो कोड कुणी बंद करू शकत नाही. मात्र नंबर बदलला की कार्डं बाद, आणि आत मजकूर जास्त कोंबला की चौकोन इतके बारीक होतात की कॅमेरा गोंधळतो. पत्ता, घोषवाक्य, पाच सोशल मीडिया खाती असलं सगळं आत घालू नका.

आकार दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको. चारही बाजूंना पांढरी जागा सोडावीच लागते, ती "रिकामी दिसते" म्हणून डिझाइन भरू नका. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. कारखान्यात तेल-धूळ लागणारच, म्हणून थोडा भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी सोय त्यात आहे. ही सोय कमी-जास्त ठेवता येते, सगळ्यात वरच्या पातळीला सुमारे ३० टक्क्यांपर्यंत. लोक ही सूट मधोमध लोगो घालून संपवतात. ती खिशातल्या घामासाठी राखून ठेवलेली बरी. काळ्या कार्डावर सोनेरी क्यूआर मागितलात तर छापून देऊ, दिसतोही झकास, पण काही फोनांवर स्कॅन होत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

एक बाजू लॅमिनेशनशिवाय ठेवा, असंही आम्ही सुचवतो. लॅमिनेशनवर पेन उठत नाही. कार्ड देताना मागे "वाशी प्रदर्शन, पॅकेजिंगबद्दल बोललो" एवढं लिहून दिलंत, तर घरी गेल्यावर वीस कार्डांच्या गठ्ठ्यातून तुमचंच आठवतं.

ओळखी कुठे असतात

घरच्यांची आणि जिवलग मित्रांची ओळख कामाला येतेच, पण त्यांना जे माहीत असतं ते बहुधा तुम्हालाही माहीत असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातल्या नोकरदारांना विचारलं होतं, की नोकरी ज्याच्यामुळे लागली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? १९७३ साली त्याने निष्कर्ष छापले. वरचेवर भेटणारा, असं जेमतेम १७ टक्क्यांनी सांगितलं. जवळपास ५६ टक्क्यांना तो अधूनमधून भेटायचा आणि २८ टक्क्यांना तर क्वचितच. म्हणजे काम झालं ते कच्च्या ओळखीतून.

२०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचा, पाच वर्षांचा अभ्यास 'सायन्स' नियतकालिकात आला. त्यात याला पुष्टी मिळाली आणि थोडी दुरुस्तीही. फारच लांबची ओळख तितकी उपयोगी पडत नाही. मधल्या अंतरावरची, दोघांना काही सामाईक माणसं माहीत असलेली ओळख सगळ्यात जास्त फळते. शिवाय कच्च्या ओळखी डिजिटल कामाच्या क्षेत्रांत जास्त चालतात, तर जिथे संगणकाचं काम कमी तिथे घट्ट ओळखी. आम्हाला हे अगदी पटतं. ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांना लिंक्डइनवरून फोन येतात. वागळेतल्या वर्कशॉपमध्ये आजही "हा आपला मुलगा आहे, कामाला चोख आहे" असं कुणीतरी फोरमनला सांगावं लागतं. तुम्ही कुठे बसता ते बघून वेळ खर्च करा.

मधल्या अंतराची माणसं ठाण्यात शोधायला लागत नाहीत. रोजच्या ठाणे-वाशी गाडीत एकाच डब्यात उभे असणारे, पाडव्याच्या स्वागतयात्रेतले ढोलपथकातले, सोसायटीच्या गणपतीत वर्गणीचा हिशेब ठेवणारे, आधीच्या नोकरीतले. यांना तुम्ही नावाने ओळखता, पण ते काय काम करतात हे कधी विचारलेलं नसतं. तेवढं विचारा. वागळे इस्टेटमध्ये लघुउद्योजकांची संघटना आहे, तिथल्या कार्यक्रमांना जा. वाशी स्टेशनजवळच्या सिडको प्रदर्शन केंद्रात तुमच्या क्षेत्राचं प्रदर्शन असेल तर शेवटच्या दिवशी दुपारी जा. तेव्हा स्टॉलवाले कंटाळलेले असतात आणि मनापासून बोलतात.

दोन दिवसांच्या आत मेसेज

कार्ड दिल्यावर फोनची वाट बघत बसू नका. समोरच्याचंही कार्ड मागून घ्या आणि दोन दिवसांत तुम्हीच लिहा. नुसतं "हाय सर" पाठवून गप्प बसू नका, आणि फुलाचा फोटो लावलेला सुप्रभात तर नकोच. असं काही लिहा:

"नमस्कार सर, शनिवारी वाशीच्या प्रदर्शनात तुमच्या स्टॉलवर भेटलो होतो. मी कळव्याचा, सीएनसी प्रोग्रॅमिंग करतो. तुम्ही पितळी जॉबच्या (भागाच्या) फिनिशची अडचण सांगत होतात, त्यावर आमच्याकडे चाललेला एक उपाय सोबत पाठवतोय. उपयोग झाला तर कळवा."

यात मागणी काहीच नाही. पहिल्या मेसेजमध्ये नोकरी, ऑर्डर किंवा "माझा सीव्ही पुढे पाठवाल का" असं काही मागू नका. उत्तर आलं नाही तर महिन्याने एकदा लिहा, मग सोडून द्या. वयाने मोठ्या माणसाला भेटला असाल तर फोन करण्याआधी वेळ विचारावी, हे सांगायला नको, तरी सांगतो.

ऑनलाइनचं थोडक्यात

लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मावतात. तिथे स्वप्नं लिहू नका, काम लिहा: कोणतं मशीन, कोणतं सॉफ्टवेअर, कोणतं शहर. ही ओळ इंग्रजीतच ठेवा, कारण शोधणारा इंग्रजीत शोधतो. वर्कशॉपमधल्या जॉबचे किंवा ड्रॉइंगचे फोटो टाकायचा मोह होतो, पण ड्रॉइंग ग्राहकाच्या मालकीचं असतं. परवानगीशिवाय टाकलंत तर चालू नोकरी जाईल.

स्वतःचा धंदा असेल तर इन्स्टाग्रामच्या आधी गूगलवर व्यवसायाची नोंद करा. ती फुकट आहे. घरून काम करणाऱ्यांना घराचा पत्ता लपवून फक्त "या भागात सेवा देतो" असं दाखवता येतं. मुलींनी तर ते जरूर करावं. चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी करा आणि तो नंबर कार्डावर छापून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं, मोफत अ‍ॅप आहे, त्यात वस्तूंची यादी फोटोंसह लावता येते. विकतचे फॉलोअर? त्यांनी आजवर कुणाकडून केक मागवलेला नाही.

वेबसाइट करून घेत असाल तर डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर नोंदवा. करून देणाऱ्याच्या खात्यात राहिलं, की पुढे त्याच्याशी बिनसल्यावर स्वतःचंच नाव त्याच्याकडे मागत बसावं लागतं. सूक्ष्म-लघुउद्योगांची उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आम्हालाही नाही.

ओळखी वाढवताना अनोळखीही येतात. "व्हिडिओ लाइक करा आणि कमवा" म्हणतात, आधी थोडे पैसे मिळतात, मग "पुढच्या टास्कसाठी" भरायला सांगतात. नोकरीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे मागणारा कुणीही असो, तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पुन्हा छापताना

पाचशे कार्डांचा दर स्वस्त पडतो हे खरं, पण पहिल्या खेपेला शंभरच घ्या. नव्या माणसाचा हुद्दा, नंबर, कधी कधी कामच बदलतं. तुमची फाइल आमच्याकडे वर्षभर असते, दुरुस्ती करून पुढची शंभर त्याच डिझाइनमध्ये मिळतील. प्रूफ आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. "ओके" लिहिण्याआधी प्रूफवरचा क्यूआर दुसऱ्या कुणाच्या फोनने स्कॅन करा आणि छापलेला नंबर स्वतः लावून बघा.