बोटुकल्यांचे रक्तपरजीवीविरोधी लसीकरण

संवर्धनासाठी सोडायच्या लहान माशांना, म्हणजे बोटुकल्यांना, जळवांमार्फत पसरणाऱ्या रक्तातील एकपेशीय परजीवींपासून वाचवण्यासाठी टोचण्याची पद्धत. खानदेशातील (जळगाव, धुळे, नंदुरबार) रोहू, कटला, मृगळ यांच्या संवर्धनात ती रूढ नाही.

परजीवीच्या नावाबद्दल मतभेद आहेत. लायडी यांनी १८४६ मध्ये गोगलगायीच्या जननेंद्रियांतील दोन कशाभिकांच्या (चाबकासारख्या तंतूंच्या) जीवाला ‘क्रिप्टोबिया’ म्हटले. लाव्हेरान व मेनील यांनी १९०१ मध्ये माशांच्या रक्तातील तशाच जीवासाठी ‘ट्रिपॅनोप्लाझ्मा’ ही प्रजाती मांडली. जळूवर अवलंबून असलेले जीवनचक्र हा काही अभ्यासकांच्या मते दोन्ही वेगळे ठेवण्याचा आधार. मात्र ‘क्रिप्टोबिया साल्मोसिटिका’ हा जीव माशाच्या अंगावरच्या बुळबुळीतही आढळतो आणि जळूशिवाय एका माशातून दुसऱ्यात जातो. त्यामुळे हा निकष तितकासा पक्का वाटत नाही. येथे माशांच्या परजीवींचे अभ्यासक पॅट्रिक वू यांच्याप्रमाणे ‘क्रिप्टोबिया’ हेच नाव घेतले आहे.

शेपटीतून काढलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला की लंबगोल, केंद्रक असलेल्या तांबड्या पेशींच्या गर्दीत हा जीव वळवळताना दिसतो; पेशी हलतात म्हणून तो आधी लक्षात येतो. रोगट मासा खाणे सोडतो, कल्ले फिकट पडतात, डोळे बाहेर येतात, पोटात पाणी होते.

वू व सहकाऱ्यांनी साधारण १९९० च्या सुमारास हा परजीवी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवून दुर्बळ केला व जिवंत लस तयार केली. मूळ जीव तांबड्या पेशी फोडणारे धातुप्रथिनेज (प्रथिने तोडणारे एक विकर) स्रवतो. लशीतील वाणात ते सक्रिय नसते. एकच मात्रा टोचून ट्राउट व सॅमन यांना दीर्घकाळ संरक्षण मिळते. सोनमाशांत ट्रिपॅनोसोमा या रक्तातील दुसऱ्या एकपेशीय परजीवीच्या ट्युब्युलिन प्रथिनाने मिळालेले संरक्षण अंशतःच होते.

मूळ लस थंड पाण्यातल्या परजीवीची. तापीकाठच्या उन्हाळ्यातील तळ्याला तिचा थेट उपयोग नाही. येथे भर जळू आवरण्यावरच असतो. तळे उन्हाळ्यात कोरडे पाडतात. तळ्यात चुना टाकण्याची मात्रा मात्र इतर भागांतून जशीच्या तशी उचलू नये, कारण काळी जमीन बहुधा आधीच अल्कधर्मी असते. बोटुकल्या उतरवताना पिशवीतल्या चार-सहा हातावर घेऊन पंखांच्या मुळाशी व कल्ल्यांखाली जळू पाहावी.